भरवशाचा झेड ड्राइव्ह

मार्चअखेर आणि ‘वर्ल्ड बॅकअप डे’ दोन्ही ३१ मार्चलाच येतात. २०११पासून पाळल्या जाणाऱ्या या दिवशी ‘फाइल जपा, फोटो जपा’ छापाचे संदेश यंदाही फिरतील. खरं तर बॅकअपचं महत्त्व आता कुणाला पटवावं लागत नाही. सप्टेंबर २०२५मध्ये दक्षिण कोरियात डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठ्यातला ८५८ टेराबाइट डेटा गेला. त्याची दुसरी प्रतच नव्हती. तिथे निदान फसवणूक तरी नव्हती. आपल्याकडे बहुतेक कचेऱ्यांत बॅकअप असतो, रोज रात्री होतो, आणि नेमक्या गरजेच्या दिवशी भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो. कारण तो संगणकाला कसा जोडलाय, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

एखाद्या सीएच्या ऑफिसात डोकावा. आठ-दहा संगणक, हिशेबाचा डेटा त्यातल्या एकावर, आणि कोपऱ्यात लॅमिंग्टन रोडवरून आणलेला दोन डिस्कचा नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडायचा साठवणुकीचा डबा. हार्डवेअरवाला येतो, नॅस स्विचला जोडतो, त्यावर ‘बॅकअप’ नावाचं फोल्डर शेअर करतो. मग संगणकावर ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’, अक्षर झेड, ‘रीकनेक्ट अॅट साइन-इन’वर टिक, पासवर्ड सेव्ह. रात्री आठला कॉपी करणारी एक बॅच फाइल लावली की काम फत्ते. बिल देताना ‘दोन्ही डिस्कवर सारखाच डेटा राहतो, काळजीच नको’ हेही ऐकवतो. ते खरंच आहे. एका डिस्कवरची फाइल पुसली की दुसरीवरचीही त्याच क्षणी पुसली जाते.

या जोडणीत संगणकाला नॅसवर लिहिता येतं, म्हणजे पुसताही येतं. रॅन्समवेअर लॉगिन केलेल्या माणसाच्या अधिकाराने चालतं, त्यामुळे त्याच्या लेखी डी ड्राइव्ह आणि झेड ड्राइव्ह सारखेच. २०१६मधलं ‘लॉकी’ तर मॅप न केलेली शेअर फोल्डरंही नेटवर्कवर शोधून काढत असे. असले बहुतेक प्रोग्रॅम आधी विंडोजच्या शॅडो कॉपी, म्हणजे त्याने स्वतःच जपलेल्या जुन्या प्रती, उडवतात आणि मगच फाइलींना हात घालतात. समजा त्यांनी झेडला हात लावला नाही, तरी रात्री आठ वाजता आपलीच बॅच फाइल कुलूपबंद फाइली चांगल्या प्रतींवर इमानेइतबारे चढवते.

उपाय फार महागडा नाही. जोडणीची दिशा उलटी करायची. नॅसनेच ठरल्या वेळी संगणकाकडे यावं, फक्त वाचण्याचा अधिकार असलेल्या खात्याने लॉगिन करावं, डेटा उचलावा आणि जावं. संगणकावर नॅसचा पासवर्ड कुठेच नसावा. त्यासाठी संगणकावर एजंट नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवतात. हिशेबाची फाइल उघडी असली तरी विंडोजकडून त्या क्षणाची स्थिर प्रत मागून घ्यायची सोय बहुतेक एजंटांत असते. साध्या कॉपीत अशी फाइल एकतर सुटते किंवा अर्धवट येते. जोडीला नॅसवर स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची त्या-त्या वेळची स्थिती जपणाऱ्या नोंदी, चालू ठेवावेत आणि त्याचं अॅडमिन खातं रोजच्या वापरापासून वेगळं ठेवावं.

मात्र आता सगळ्या किल्ल्या नॅसकडे जमतात, म्हणून तो इंटरनेटवर उघडा टाकणं आणखी धोक्याचं. एप्रिल २०२१मध्ये ‘क्यूलॉकर’ने क्यूनॅप कंपनीच्या नॅसवरच्या फाइली सेव्हन-झिपमध्ये पासवर्ड लावून बंद केल्या आणि ०.०१ बिटकॉइन मागितले. घरबसल्या मोबाइलवर फाइली बघायची हौस अशी अंगाशी येते.

वायरकडेही बघा. केबलमधल्या आठपैकी चारच तारा नीट जोडलेल्या असतील, तर गिगाबिटची लाइन मुकाट्याने शंभर मेगाबिटवर उतरते. एरवी पाच तासांत होणारा दोन टेराबाइटचा पहिला बॅकअप मग दोन दिवस चालतो. सकाळी कुणीतरी ‘नेट स्लो झालंय’ म्हणून तो बंद करतं, आणि पुन्हा सुरू करायचं राहून जातं.

या विषयात ज्यांचा नियम सगळे सांगतात, ते पीटर क्रोग पेशाने छायाचित्रकार. डिजिटल फोटोंचा संग्रह कसा सांभाळावा, यावरचं त्यांचं ‘द डॅम बुक’ २००५मध्ये आलं. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी, हा ३-२-१चा नियम त्यांच्याच नावावर आहे. तो एका फोटोग्राफरकडून आला, याचं मला कौतुक वाटतं. हुकलेला क्षण पुन्हा टिपता येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? पण हा नियम प्रती मोजतो, त्यांच्यामधल्या जोडण्या मोजत नाही. तिन्ही प्रती एकाच पासवर्डने पोहोचण्याजोग्या असतील, तर एका रात्रीत तिन्ही जातात. म्हणून या धंद्यातल्या लोकांनी पुढे आणखी एक ‘१’ जोडला: एक प्रत तारेपासून तोडलेली, किंवा ठरावीक मुदतीपर्यंत कुणालाच बदलता न येणारी. चुंबकीय टेप अजून टिकून आहे ती काही अंशी यामुळेच. ड्राइव्हमधून काढून कपाटात ठेवलेल्या टेपपर्यंत कुठलाही हल्लेखोर नेटवर्कवरून पोहोचत नाही. छोट्या ऑफिसात आलटून पालटून लावलेल्या दोन यूएसबी डिस्कही हेच काम करतात.

हे सगळं भीतीपोटी नाही. नोव्हेंबर २०२२मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये पाच सर्व्हरवरचा सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला आणि देशातलं एक अग्रगण्य रुग्णालय कागद-पेनवर आलं. नेटवर्कची विभागणी नीट नव्हती, असं सरकारने संसदेत सांगितलं. ई-हॉस्पिटलचा डेटा परत मिळाला तो हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून.

आता कायद्याकडे वळू. ऑगस्ट २०२२च्या दुरुस्तीनुसार कंपन्यांना इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप रोज, भारतातल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. आधी ‘ठरावीक काळाने’ चालत असे. झेड ड्राइव्हवरची रोजची कॉपीही या तपासणीत बिनदिक्कत पास होऊ शकते, आणि माझा आक्षेप नेमका इथेच आहे. ऑडिटरने या मार्चअखेरीस बॅकअपचा लॉग बघून टिक करू नये. डिसेंबरमधलं कुठलंही एक व्हाउचर निवडावं आणि वेगळ्या संगणकावर, समोर बसून, बॅकअपमधून उघडून मागावं. अर्ध्या तासाचं काम आहे. ते जमलं नाही, तर त्या कंपनीकडे बॅकअप नाही, असंच शेऱ्यात लिहावं.