बोधवाक्य सेवेचे, कोष्टक फीचे

अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चचे सदस्य वीस लाखांहूनही कमी. या पंथाशी नाते सांगणाऱ्या शाळा मात्र, बालवाड्या धरून, हजाराच्या पुढे आहेत. त्यांतल्या मोजक्या शाळांनी त्या देशाला राष्ट्राध्यक्ष दिले, सिनेटर दिले, परराष्ट्रमंत्री दिले. एवढ्याशा पंथाकडे एवढे वजन आले कुठून, याचे उत्तर त्याच्या शिकवणुकीत शोधायचे की पालकांच्या तिजोरीत, हा वाद तिथे जुना आहे.

या पंथाचे मूळ इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमध्ये. पुण्याची बिशप्स स्कूल (१८६४) त्याच कुळातली, म्हणजे या शाळांची चुलत बहीण. न्यूयॉर्कची ट्रिनिटी स्कूल १७०९ची, ब्रिटिश अमलातली. स्वातंत्र्ययुद्धानंतर इंग्लंडच्या राजाला धर्मप्रमुख मानणे शक्य नव्हते, म्हणून १७८९ मध्ये अमेरिकेतल्या अँग्लिकनांनी आपली स्वतंत्र घटना केली. त्याच्याही चार वर्षे आधी, १७८५ मध्ये, फिलाडेल्फियाचे विल्यम व्हाइट यांनी एपिस्कोपल अकॅडमी काढली होती.

पण ज्या शाळांमुळे हे नाव गाजले, त्या एकोणिसाव्या शतकातल्या निवासी शाळा. न्यू हॅम्पशायरमधली सेंट पॉल्स १८५६ची. तिथली मुले त्या काळी चक्क क्रिकेट खेळत! मॅसॅच्युसेट्समधली ग्रोटन १८८४ची. तिचे संस्थापक एंडिकॉट पीबडी स्वतः इंग्लंडमध्ये शिकलेले. बड्या घरची पोरे ऐषआरामात वाया जातात, हे त्यांचे ठाम मत. म्हणून कोट्यधीशांच्या मुलांना पडदा लावलेल्या चिंचोळ्या खोल्या, सकाळी गार पाण्याची अंघोळ आणि हातखर्चाला आठवड्याचे मोजके सेंट. शाळेच्या लॅटिन बोधवाक्याचा आशय असा, की ईश्वराची सेवा करणे हेच राज्य करणे. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट १९००मध्ये इथून बाहेर पडले. आईवडिलांखालोखाल आपल्यावर प्रभाव पीबडींचा, असे ते सांगत. पीबडींनीच त्यांचे लग्न लावले आणि १९३३च्या शपथविधीच्या सकाळची प्रार्थनाही त्यांनीच चालवली. गंमत म्हणजे रूझवेल्ट खरोखरच गरिबांसाठी कायदे करू लागले, तेव्हा ग्रोटनच्याच कित्येक माजी विद्यार्थ्यांना तो आपल्या वर्गाशी द्रोह वाटला. सेवा म्हणजे वरून खाली दिलेले दान, एवढाच अर्थ त्यांच्या अंगवळणी पडला होता.

मला त्यापेक्षा कनेक्टिकटची केंट स्कूल मोलाची वाटते. फादर फ्रेडरिक सिल या मठवासी धर्मगुरूंनी ती १९०६मध्ये सुरू केली. झाडलोट, भांडी, टेबले लावणे ही कामे मुलांनीच करायची आणि फी पालकांच्या ऐपतीप्रमाणे द्यायची, हा तिथला शिरस्ता. सेवेचा धडा तिथे खरकट्या ताटापासून सुरू होई.

या शाळांचे वेगळेपण खरे जाणवते ते चॅपेलमध्ये, म्हणजे शाळेच्या प्रार्थनागृहात. सगळी शाळा आठवड्यातून एकदा तरी, काही ठिकाणी रोज, तिथे जमते. ज्यू, मुस्लिम, हिंदू मुलेही असतात. हजेरी सक्तीची, श्रद्धा नाही. यामागे अँग्लिकन परंपरेचा स्वभाव आहे. रोमचा अधिकार आणि कडवा प्रोटेस्टंटपणा यांच्या मधली वाट तिने धरली आणि एका मताच्या कसोटीपेक्षा एकत्र प्रार्थनेला महत्त्व दिले. शंका विचारणारा मुलगा तिथे उपद्रवी ठरत नाही, निदान ठरू नये अशी अपेक्षा असते. मुलांना शाळेत घालणाऱ्या मराठी आईबापांना धर्मांतराची धास्ती वाटलीच, तर तिला तिथे फारसा आधार नाही. फीची धास्ती मात्र अगदी खरी: नामांकित निवासी शाळांत ती वर्षाला साठ हजार डॉलरच्या पुढे गेली आहे.

काळा डाग वर्णभेदाचा. अटलांटाच्या लव्हेट स्कूलने १९६३मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या मुलाला प्रवेश नाकारला. स्वतः एपिस्कोपल धर्मगुरूंनी शाळेबाहेर निदर्शने केली, आणि धर्मप्रांताने शाळेशी संबंध तोडले. याच चर्चच्या आश्रयाने कृष्णवर्णीयांसाठीही संस्था उभ्या राहिल्या होत्या. रॅले येथील सेंट ऑगस्टीन्स १८६७ची. व्हर्जिनियातल्या लॉरेन्सव्हिलचे सेंट पॉल्स कॉलेज, जेम्स सॉलोमन रसेल यांनी १८८८मध्ये काढलेले, पैशाअभावी २०१३मध्ये बंद पडले. तिकडे न्यू हॅम्पशायरच्या श्रीमंत सेंट पॉल्सला पैशाची ददात नव्हती, पण विद्यार्थ्यांच्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणांवरून २०१८मध्ये राज्याच्या महाधिवक्त्यांशी करार करून बाहेरचा देखरेख अधिकारी स्वीकारावा लागला. एकमेकांना सांभाळणारा समाज घडवतो, असे सांगणाऱ्या शाळेला हा टोला जिव्हारी लागणारा होता.

बॉस्टनच्या डॉर्चेस्टर भागात एपिफनी स्कूल आहे. एपिस्कोपलच, पण गरीब घरच्या मुलांसाठी आणि पूर्णपणे मोफत. शाळा पूर्ण करून गेलेल्या मुलांच्या पुढच्या शिक्षणाचीही ती पाठराखण करते. तिने राष्ट्राध्यक्ष घडवलेला नाही, त्यामुळे तिच्यावर जाडजूड चरित्रे निघत नाहीत. एपिस्कोपल शिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ग्रोटनची काही पाने कमी करून ती केंटला आणि एपिफनीला द्यावीत.