गंगथडीचा दगड, गाळ आणि पाणी

पूर्णा-नांदेड लोहमार्गावरील चुडाव्याच्या दक्षिणेला गोदावरी वाहते. पंचक्रोशीत तिला सर्रास ‘गंगा’च म्हणतात. तिचा उगम त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर आहे. तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर, पण दख्खनचे पठार पूर्वेकडे कललेले असल्याने ही नदी १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली पूर्णा नदी तिला चुडाव्याच्या वरच्या अंगाला, कंठेश्वरजवळ येऊन मिळते.

या खोऱ्याचा पाया काळ्या पाषाणाचा, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाचा. लाव्हा थंड होताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या. पुढे सिलिकायुक्त पाणी त्यांत झिरपून थरावर थर साचले आणि अकीक तयार झाला. काळा पाषाण झिजून त्याची काळी माती होते. कठीण अकीक मात्र गोट्यांच्या रूपाने उरतो. गोदावरीच्या भरड वाळूतला असा गोटा ओला करून उन्हात धरला की पांढरे, करडे, तांबूस पट्टे स्पष्ट दिसतात. अश्मयुगीन माणसाने याच जातीच्या दगडाची पाती काढली. सातवाहनांच्या काळात पैठणहून असे पट्टेदार दगड भडोच बंदरात जात; पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तशी नोंद आहे. पर्यटक देवळे पाहून परततात, या सगळ्यात जुन्या वारशाकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

अर्थात देवळांचे मोलही कमी नाही. धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर काठावरच आहे, गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी आणि खाली नांदेडला, जिथे १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग यांनी देह ठेवला, तिथे सचखंड गुरुद्वारा आहे.

आजची नदी मात्र धरणांच्या तालावर चालते. वर पैठणला जायकवाडी, पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर, खाली नांदेडजवळ विष्णुपुरी. त्यामुळे एकेकाळी वाहता असलेला प्रवाह बराच काळ तुंबलेल्या डोहासारखा राहतो. मासेमारीला आणि पाणपक्ष्यांना ते मानवते. उन्हाळ्यात पोरांच्या पोहण्यालाही. पण वाळूउपशाने पात्रात पडलेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत, आणि वरून पाणी सोडले की पातळी बघता बघता चढते. पाण्यात उतरण्याआधी काठावरच्या भोई मंडळींना विचारावे, आणि ते नको म्हणाले तर काठावरच थांबावे.