माशांच्या टाकीला लागणारं विरजण

नवी काचेची टाकी घरी येते, तेव्हा तिच्यासोबत बहुतेक वेळा दोन बाटल्याही येतात: एक वॉटर कंडिशनरची, दुसरी ‘बॅक्टेरिया’ची. दुसरीवर कधीकधी लिहिलेलं असतं की आजच मासे सोडा. पाणी नितळ दिसतं, म्हणून तुम्ही सोडताही. काही दिवसांनी मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. पाणी तर अजूनही नितळच असतं! मग बिघडलं काय?

मासे कल्ल्यांमधून सतत अमोनिया बाहेर टाकतात. नदीत तो विरून जातो, पण चाळीस लिटरच्या टाकीत साचतो आणि कल्ल्यांना इजा करतो. काही जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच, कारण त्यामुळे रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी होते. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य असतं. थोडंथोडं पाणी बदलत राहिलं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूवर थर करून राहतात. तो थर तयार होणं म्हणजेच टाकी ‘सायकल’ होणं.

आता पहिली बाटली. भारतात मासे पाळणारे काका-मामा सांगतात, ‘पाणी रात्रभर बादलीत ठेव, मग टाकीत घाल.’ पाण्यात साधं क्लोरीन असेल तर हा सल्ला बऱ्यापैकी चालतो, कारण क्लोरीन हवेत उडून जातं. पण तुम्ही राहता त्या शहरात क्लोरामाइन वापरत असतील तर? वॉशिंग्टन डीसीने २००० मध्ये आणि सॅन फ्रान्सिस्कोने २००४ मध्ये त्याचा वापर सुरू केला. क्लोरामाइन म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाची जोडगोळी. ते मुद्दाम टिकाऊ म्हणूनच निवडलेलं असतं, त्यामुळे रात्रभर ठेवून जात नाही. साधा कंडिशनर, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, ही जोडी फोडतो. क्लोरीन निष्प्रभ होतं, अमोनिया मात्र पाण्यात सुटतो. काही कंडिशनर हा अमोनियाही तात्पुरता बांधून ठेवतात असं लेबलवर लिहिलेलं असतं. पण बांधून ठेवणं म्हणजे संपवणं नव्हे. संपवायला जिवाणूच लागतात.

म्हणून दुसरी बाटली. ती विरजणासारखी आहे, पण एका मोठ्या फरकाने. दही रात्रीत लागतं, कारण त्यातले जिवाणू भराभर वाढतात. अमोनिया खाणाऱ्यांना दुप्पट व्हायला अनेक तास, कधी दिवसभरही लागतो. त्यामुळे काहीच न घालता टाकी सायकल व्हायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. चांगली बाटली हा काळ कमी करू शकते, शून्यावर आणेल असं धरून चालू नका.

बाटलीत काय आहे, तेही बघा. पूर्वी नायट्राइट संपवण्याचं श्रेय नायट्रोबॅक्टरला दिलं जायचं. १९९८ मध्ये टिमोथी होवानेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गोड्या पाण्याच्या टाक्यांमध्ये हे काम नायट्रोस्पायरासारखे जिवाणू करतात. काही बाटल्यांत बॅसिलसचे बीजाणू असतात. ते वर्षभर टिकतात, गाळ खातात, पण तुमचं हे काम करत नाहीत. खरे नायट्रीकरण करणारे जिवाणू बीजाणू बनवत नाहीत, म्हणून ते नाजूक असतात. शिकागोच्या जानेवारीत दाराबाहेर गोठलेली किंवा दुबईच्या जूनमध्ये व्हॅनमध्ये तापलेली बाटली मेलेलीही असू शकते. सगळ्यात भरवशाचं विरजण म्हणजे मित्राच्या जुन्या, निरोगी टाकीतल्या फिल्टरचा स्पंज. तो ओला ठेवूनच आणा.

क्रम असा ठेवा. आधी कंडिशनर, मगच जिवाणू. नाहीतर क्लोरीन त्यांनाच मारेल. मासे न घालता अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमपर्यंत न्या, पाणी २५ ते २८ अंशांवर ठेवा आणि दर दोन दिवसांनी टेस्ट किटने तपासा. आधी अमोनिया उतरेल, नायट्राइट चढेल, मग तोही उतरेल. घातलेला २ पीपीएम अमोनिया २४ तासांत संपला आणि नायट्राइटही शून्य आलं, की टाकी तयार. मग बरंचसं पाणी बदला आणि थोडेच मासे आणा. मध्येच गाडी अडली तर पाण्याचा केएच, म्हणजे कार्बोनेटचा साठा, तपासा. या प्रक्रियेत तो खर्च होतो आणि मृदू पाण्यात लवकर संपतो.

मासे आधीच सोडले असतील तर खाणं कमी करा आणि कंडिशनर घालून रोज थोडं पाणी बदला. पीएचवरही लक्ष ठेवा. २५ अंशांना पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, ८ असताना सुमारे पाच टक्के. म्हणजे किटवर आकडा तोच, पण धोका दहापट.

आणि टाकी सायकल झाल्यावर तो स्पंज नळाखाली धुऊ नका. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळा. इतके आठवडे थांबून लावलेलं विरजण त्यातच आहे.