मेलाटोनिनची गोळी मेंदूचं म्हातारपण रोखते का?

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत असंख्य कामगार आलटून-पालटून रात्रपाळी करतात. झोपेची घडी विस्कटलेल्या माणसाला मेलाटोनिनबद्दल दोन गोष्टी ऐकायला मिळतात: गोळीने झोप लागते आणि मेंदूची झीजही थांबते. पहिलीत थोडं तथ्य आहे. कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने रात्रपाळीवरच्या अभ्यासांचा 2014 मध्ये घेतलेला आढावा सांगतो की गोळीमुळे दिवसाची झोप सरासरी 24 मिनिटांनी वाढू शकते, आणि तो पुरावाही कच्चा आहे. दुसऱ्या गोष्टीला माणसांवरच्या चाचण्यांतून ठोस आधार मिळालेला नाही.

गैरसमज: मेलाटोनिन अँटिऑक्सिडंट आहे, म्हणजे मेंदूला वाचवणारच. संशोधक आरन लर्नर यांनी 1958 मध्ये शोधलेलं हे संप्रेरक मेंदूतली पिनियल ग्रंथी अंधार पडल्यावर स्रवते. रात्र झाल्याचा निरोप शरीराला देणं हे त्याचं मुख्य काम. अँटिऑक्सिडंट म्हणून ते पेशींना इजा करणाऱ्या मुक्त मूलकांना निष्प्रभ करतं, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण परीक्षानळीतला गुण माणसाच्या मेंदूत तसाच उतरतो असं नाही. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम हीसुद्धा अँटिऑक्सिडंटच. साडेसात हजारांवर वयस्क पुरुषांवरच्या चाचणीत त्यांनी स्मृतिभ्रंश टळला नाही, असं 2017 मध्ये स्पष्ट झालं. खुद्द मेलाटोनिनने, 2003 च्या एका चाचणीत, अल्झायमरच्या 157 रुग्णांची झोपही लक्षणीय सुधारली नाही.

गैरसमज: मेलाटोनिन वयाबरोबर घटतं, तर बाहेरून भरून काढावं, अपाय तर नाही ना? ते घटतं हे खरं. पण घटणारी प्रत्येक गोष्ट भरून काढल्याने फायदाच होतो, हे गृहीतक एकदा महागात पडलं आहे. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटतं, म्हणून ते प्रोजेस्टिनसह दिल्याने मेंदू जपला जाईल अशी आशा होती; अमेरिकेत 65 वर्षांपुढच्या स्त्रियांच्या चाचणीत मात्र स्मृतिभ्रंशाचा धोका दुप्पट झाला (2003). मेलाटोनिनही तसंच वागेल असा याचा अर्थ नाही. चाचणीआधी खात्री देता येत नाही, एवढाच आहे. शिवाय कॅनडात 2017 मध्ये तपासलेल्या 31 उत्पादनांत लेबलपेक्षा 83 टक्के कमीपासून 478 टक्के जास्त इतकं मेलाटोनिन निघालं. गोळीने पेंग येऊ शकते, म्हणून ती घेऊन यंत्र किंवा दुचाकी चालवणं धोक्याचं. रक्त पातळ करणारी किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊच नये.

मग मेंदू जपायचा कसा? लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या 2024 च्या अहवालानुसार जगातले सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश 14 टाळता येण्याजोग्या कारणांशी जोडलेले आहेत. बहिरेपण, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान आणि हवेचं प्रदूषण ही त्यांतली काही. यातलं बहिरेपण कारखान्यातल्या प्रेस शॉपच्या खडखडाटात नकळत येतं. म्हणून कानात इअरप्लग, वेळच्या वेळी श्रवण आणि रक्तदाबाची तपासणी, पाळ्यांमध्ये पुरेशी विश्रांती यांची सोय कारखान्याने करावी आणि कामगारांनी ती हक्काने मागावी. मेंदूसाठी खर्च करायचाच, तर पुरावा आहे तिथे करावा.