गाठोडे कुठे ठेवायचे?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दादरच्या फूलबाजाराजवळ रात्री साडेअकराच्या सुमारास मोठी सर आली, म्हणून एका बंद दुकानाच्या वळचणीला उभा राहिलो. शेजारी निळे प्लास्टिक डोक्यावर ओढून एक पाटीवाला बसला होता. पन्नाशीचा असेल. मूळचा बीडकडचा. बोलता बोलता मी विचारले, ‘‘मामा, एवढ्या पावसात इथं कशाला? पालिकेचा रात्रनिवारा आहे की. तिथं का नाही जात?’’

त्याने मांडीखालच्या गाठोड्यावर हात ठेवला. ‘‘अन् हे कुठं ठेवू?’’

गाठोड्यात दोन सदरे, एक वाकळ, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले आधार कार्ड आणि मुलीच्या लग्नाचा फोटो. तुमच्याआमच्या घरातल्या एका कपाटाचा कोपराही भरणार नाही एवढा ऐवज. पण त्याचे घर म्हणजे तेच. त्याच्या ओळखीचा एकजण निवाऱ्यात झोपला होता. सकाळी उठला तर उशाची पिशवी गायब!

रस्त्यावरच्या माणसाला छप्पर दाखवले की तो धावत येईल, अशी आपली समजूत असते. तो आला नाही की ‘यांना सवयच झालीय’ म्हणून आपण मोकळे होतो. वास्तविक घरात पाऊल टाकण्याआधी भाडेकरू जसे पाणी, शेजार आणि स्टेशनचे अंतर विचारतो, तसेच या माणसाचेही प्रश्न असतात. ते विचारायचा त्याला हक्क आहे, हेच त्याला कुणी सांगत नाही.

आपल्याकडे धर्मशाळा होत्या. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी त्या उभ्या केल्या. पण धर्मशाळेत उतरणारा परत जायचे गाव असलेला असे. ज्याला परत जायला दारच नाही, त्याची सोय हा सरकारी जबाबदारीचा विषय व्हायला २०१० साल उजाडावे लागले. दिल्लीच्या थंडीत तिथल्या महापालिकेने एक निवारा पाडला आणि अन्नाच्या हक्काची याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे चालूच होती, तिच्यात हा प्रश्न गेला. न्यायालयाने मोठ्या शहरांत दर एक लाख लोकवस्तीमागे एक, चोवीस तास उघडा निवारा असा दंडक घातला. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने तोच हिशेब धरून नियम आखले. २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर मोजले गेले. शहराची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात, म्हणजे सव्वाशे निवारे हवेत. मुंबई या आकड्याच्या जवळपासही कधी पोहोचली नाही.

पण आहेत त्यांचे काय? अभियानाचे नियम वाचून मी चकितच झालो. माणशी पन्नास चौरस फूट जागा, गादी, पांघरूण, पाणी, संडास, स्वयंपाकाची सोय, आणि हो, प्रत्येकाला कुलूप लागणारा स्वतंत्र कप्पा! पाटीवाल्याच्या प्रश्नाचे उत्तर दिल्लीत छापून तयार होते. ते दादरपर्यंत आले नव्हते, एवढेच. ज्याच्याकडे ओळखीचा कागद नाही, त्याला कागद मिळवून द्यायला मदत करावी, असेही त्यात आहे. तेव्हा ‘कार्ड नाही तर जागा नाही’ असे कुणी दारात म्हणाले, तर खुशाल वाद घालावा.

जाण्यापूर्वी विचारायच्या गोष्टी तशा साध्याच. कप्पा आहे का आणि त्याची किल्ली कुणाकडे? निवारा पुरुषांचा, बायकांचा की कुटुंबाचा? हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. नवरा एकीकडे, बायको-पोरे दुसरीकडे अशी वाटणी होणार असेल, तर कुटुंब फुटपाथच पसंत करते आणि त्यात मला वेडेपणा दिसत नाही. एकट्या बाईने तर रात्री राखणीला बाई आहे की पुरुष, संडासचा रस्ता कुठून जातो, हे दिवसाउजेडीच पाहून यावे. दिवसा तिथे थांबता येते का? आजारी माणसाला सकाळी सातला बाहेर काढणारे ठिकाण निवारा कसले?

आणि कामापासून किती लांब? १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने मान्य केले होते, की माणसे फुटपाथवर राहतात ती पोटाच्या धंद्याजवळ राहण्यासाठी. त्या निकालाने फुटपाथवासीयांच्या झोपड्या वाचल्या नाहीत, ही गोष्ट वेगळी.

आणखी एक भीती आहे. ती उघड बोलली जात नाही. रात्री गाडी येऊन ‘चला निवाऱ्यात’ म्हणते, तेव्हा रस्त्यावरच्या माणसाला आठवते ती भिक्षेकरी पकडणारी गाडी. १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा मूळ आपल्या मुंबई राज्याचा. उदरनिर्वाहाचे दिसेल असे साधन नसताना रस्त्यावर भटकणाराही त्याच्या व्याख्येत बसतो, आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे डांबता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातली मुख्य कलमे तिथे रद्द केली. महाराष्ट्रात कायदा उभा राहिला. म्हणून फरक ध्यानात असू द्यावा: निवाऱ्यातून वाटेल तेव्हा उठून जाता येते, भिक्षेकरी गृहातून नाही. गाडीत पाय ठेवण्यापूर्वी ‘कुठे नेता आणि उद्या सोडाल ना?’ एवढे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

एक निवारा मी जाऊन पाहिला. कप्पे होते, निम्म्यांना कडीच नव्हती. गाद्या मात्र कोरड्या. पत्ता घेऊन चार दिवसांनी पुन्हा फूलबाजार गाठला. पाटीवाल्याने सगळे नीट ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘‘फुलांच्या गाड्या तीनला लागतात. तवा दार उघडत्यात का?’’

हे मी विचारलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी परत गेलो. राखणदार म्हणाला, ‘‘उघडतो ना. पण मला उठवायला पाहिजे.’’