असू दे, लागंल

बीडहून पुण्यातल्या सकाळी साडेदहाच्या प्रशिक्षणाला वेळेवर पोचायचं तर पहाटे चारच्या सुमाराला स्टँड गाठावं लागतं, नाहीतर रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघून अंधारात पुण्यात उतरावं लागतं. पुरुष माणूस गाडी कधी सुटते ते विचारतो. बाई आधी विचारते, गाडी पोचते कधी? २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे पुण्याच्या स्वारगेट स्थानकात उभ्या असलेल्या शिवशाहीत एका तरुणीवर बलात्कार झाला. त्यानंतर ‘उजाडल्यावरच उतर’ असं सांगताना घरात कुणाला कारण द्यावं लागत नाही. मग आदल्या दिवशी दुपारीच निघायचं ठरतं. एक मुक्काम वाढतो, आणि मुक्कामाबरोबर पिशवीत कपड्यांचा एक जोड, एक चादर, एका वेळचा डबा आणि दुसरी पाण्याची बाटली वाढते. कपाट उघडायच्या आधीच पिशवी दोन किलोंनी जड झालेली असते.

कामासाठी एक-दोन दिवस बाहेरगावी जाणाऱ्या बायका बीड जिल्ह्यात आता थोड्याथोडक्या नाहीत. पंचायत राज संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या झाल्या, त्यामुळे सरपंच आणि सदस्य प्रशिक्षणाला जातात. ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) ताई, बचत गटांच्या अध्यक्ष-सचिव, आशा, अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका, शिक्षिका, खंडपीठात तारखेला संभाजीनगरला जाणाऱ्या वकील, सगळ्यांच्या वाट्याला दौरा येतो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं आणि ‘जायला परवडत नाही’ ही सबब बरीच पातळ झाली. दिल्लीचं म्हणाल तर बीडने १९८० मध्येच केशरकाकू क्षीरसागरांना लोकसभेत पाठवलं होतं. बाईने कामासाठी गाव सोडण्याचं नवल या जिल्ह्याला वाटू नये. तरी दोन दिवसांची पिशवी भरताना घरात चर्चा होते ती होतेच.

गेवराई तालुक्यातल्या एका सीआरपी ताईंची पिशवी भरताना बघण्यासारखी असते. पिशवी म्हणजे पाठीवरची सॅक, मुलाने शाळेत वापरून सोडलेली. चाकाची बॅग त्यांनी एकदाच नेली. स्टँडच्या खडीवर चाकं फिरत नाहीत, एसटीच्या पायऱ्या उंच, आणि वरच्या फळीवर ती बसत नाही. सॅक मांडीवर घेता येते. मांडीवरची वस्तू डोळ्यासमोर असते आणि झोप लागली तरी हात तिच्यावर असतो. बसच्या डिकीत त्या काहीही ठेवत नाहीत. अंधाऱ्या थांब्यावर उतरून डिकी उघडायची वाट बघत उभं राहणं त्यांना नको असतं.

साड्या दोन. एक अंगावर, एक पिशवीत. पिशवीतली जॉर्जेटची, कारण सुती साडी घडीतून काढली की इस्त्री मागते आणि रात्री धुतली तर सकाळपर्यंत वाळत नाही. दोन्ही साड्यांचे रंग असे निवडलेले, की एकच काळा ब्लाऊज आणि एकच परकर दोन्हींखाली चालावा. ब्लाऊज मात्र त्या दोन घेतात. साडीला डाग पडला तर निऱ्या फिरवून झाकता येतो, ब्लाऊजला घामाची कड दिसली की दिवसभर हात वर करायची चोरी. त्यांच्या सासूबाई अजून नऊवारी नेसतात. त्यांचं म्हणणं, नऊवारीला परकर लागत नाही, म्हणजे ओझं तेवढंच. हिशेब अगदीच चुकीचा नाही.

साडीची घडी आडवी न घालता त्या लांब पट्टी करून गुंडाळतात आणि गुंडाळीच्या पोटात ब्लाऊज कोंबतात. सेफ्टीपिनांची डबी नसते. चार पिना मंगळसूत्रात, दोन हातातल्या बांगडीत. टिकल्यांचं पाकीट नसतं, मोबाइलच्या कव्हरच्या आतल्या बाजूला पाच-सहा टिकल्या चिकटवलेल्या. साबणाची वडी अर्धी कापून कागदात. दीड मीटर नायलॉनची दोरी मात्र न चुकता, कारण निवासाच्या खोलीत कपडे वाळत घालायला खुंटीसुद्धा नसते. खिडकीच्या गजापासून खाटेच्या कडीपर्यंत दोरी बांधली की रात्रीचं धुणं सकाळी कोरडं. रात्री अंगावर मॅक्सी नाही, पंजाबी ड्रेस. अनोळखी सातआठ जणींबरोबर एका हॉलमध्ये झोपायचं आणि मध्यरात्री व्हरांड्यातून बाथरूमला जायचं, तर तोच बरा. शिवाय परतीच्या प्रवासात तोच घालता येतो.

मग कामाचं सामान. गटाची रजिस्टरं, पासबुकाची झेरॉक्स, ओळखपत्र, आधार कार्ड, शिक्का आणि शिक्क्याचं पॅड. पॅड ही या पिशवीतली सगळ्यात घातकी वस्तू. उन्हात गाडी तापली की शाई सुटते आणि जांभळा डाग साडीवरून या जन्मी जात नाही. म्हणून पॅड दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत आणि पिशव्या डब्याच्या झाकणाखाली. तिकीट कुठं जाईल याचीही जागा ठरलेली. मशीनमधून निघालेल्या तिकिटाची अक्षरं काही दिवसांत पुसट होतात आणि प्रवास भत्त्याच्या बिलाला तर तिकीट जोडावं लागतं. हातात पडल्या पडल्या त्या मोबाइलवर त्याचा फोटो काढतात.

एवढं सगळं पाठीवर सहज मावतं. पुढं घरातल्यांचा हात लागतो.

“दोन दिसाला एवढीशीच पिशवी गं?” सासूबाई विचारतात आणि उत्तराची वाट न बघता शेंगदाण्याच्या चटणीची पुडी आत सरकवतात. “असू दे, लागंल.” पाठोपाठ धपाटे येतात. जाऊबाई स्वेटर आणतात, पुण्याला गारठा असतो म्हणून. नवरा बॅटरी देतो. पुण्यातल्या नणंदेसाठी दोन किलो ज्वारीचं पीठ येतं, तिकडचं तिला गोड लागत नाही म्हणून. हलकी पिशवी भरणं ज्यांना जमतं त्यांना खरं तर ‘असू दे, लागंल’ला नाही म्हणणं जमलेलं असतं. ते कपड्यांच्या घड्या घालण्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे. या ताई वाद घालत नाहीत. पीठ घेतात, धपाटे घेतात, स्वेटर आत नेऊन ठेवल्यासारखं करतात आणि दाराआड खुंटीला अडकवून येतात.

या विषयातली जुनी उस्ताद म्हणजे अमेरिकी पत्रकार नेली ब्लाय. १४ नोव्हेंबर १८८९ रोजी ती न्यूयॉर्क भागातून जगप्रदक्षिणेला निघाली आणि ७२ दिवसांत परत आली. बरोबर एकच हातातली बॅग, प्रवासाला एकच पोशाख आणि वर एक कोट. बाईला फार सामान लागेल, असं म्हणणाऱ्या वर्तमानपत्राच्या व्यवस्थापकाला तिने असं उत्तर दिलं. तिच्या बॅगेत सगळ्यात जास्त जागा खाल्ली ती कोल्ड क्रीमच्या बरणीने, आणि त्या बरणीवर तिने पुस्तकात मनसोक्त राग काढला आहे.

बीडच्या बाईची कोल्ड क्रीमची बरणी म्हणजे पाण्याची बाटली. एक लिटर म्हणजे सरळ एक किलो, बाटलीचं वजन वेगळंच. बाटली नेतात सगळ्या, पण त्यातलं पाणी बहुतेकींच्या बाबतीत गाव येईपर्यंत तसंच राहतं. कारण उघड आहे. मांजरसुंब्याचा घाट चढून पुढं जामखेड, नगर करत जाणारी गाडी थांबते तिथं स्वच्छतागृह उघडं असेल, त्याला कडी असेल, आत पाणी असेल, याची खात्री कुणी देत नाही. मग बायका निघायच्या तीन-चार तास आधीपासूनच पाणी तोडतात. पाणी पाठीवर वाहून न्यायचं आणि प्यायचं नाही, असा हा उफराटा कारभार. उन्हाळी लागणं, डोकं धरणं, पायात गोळे येणं हे सगळं त्यातून येतं. मुंबईत २०११ मध्ये सार्वजनिक जागी बायकांना मोफत आणि स्वच्छ मुतारी मिळावी म्हणून ‘राइट टू पी’ नावाची चळवळ उभी राहिली, तेव्हा नावाला हसणारे पुष्कळ होते. जामखेड रस्त्याने सहा तास प्रवास केलेली बाई हसणार नाही.

पाळीची तारीख हा दौऱ्याच्या कार्यक्रमपत्रिकेत नसलेला मुद्दा. तारीख जवळ असली की पिशवीत पॅडचं अख्खं पाकीट, जुनी वर्तमानपत्रं, काळी पिशवी आणि गडद रंगाची साडी जाते, आणि फिकी जॉर्जेट घरी राहते. सॅनिटरी पॅडवरचा जीएसटी जुलै २०१८ मध्ये शून्य झाला, पण वापरलेलं पॅड टाकायला डबा कुठं आहे हा प्रश्न करात बसत नाही. कित्येकींना ते परत पिशवीतूनच आणावं लागतं. हलक्या सामानावर सल्ला देणाऱ्यांनी हे वजनही धरावं.

या जिल्ह्याला सामान बांधणं कुणी शिकवायची गरज नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीची टोळी निघते तेव्हा एकेका कोयत्याचा, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचा, पाच-सहा महिन्यांचा संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसतो. ज्वारी, चूल, भांडी, पत्रा, पांघरुणं, लेकरं, जमलं तर शेळीही. काय न्यायचं याचा निर्णय बाईचा असतो, कारण तिथं नसलेली वस्तू सोसायची तिलाच. फडावर स्वच्छतागृह नाही, सुट्टी घेतली तर खाडा. याच बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये बातमी झाली आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आज बचत गटाच्या कामाला फिरणाऱ्या कितीतरी जणींनी लहानपणी आईबरोबर अशी ट्रॉली भरली आहे. ‘उमेद’च्या वर्धिनी दुसऱ्याच्या गावात मुक्कामी फेरीला जातात तेव्हा त्यांच्या पिशव्या बघाव्यात. नको ते त्यात काही नसतं.

सरपंचबाईंची गोष्ट थोडी वेगळी. त्या एकट्या निघाल्या तर पिशवी छोटी असते. ‘सरपंचपती’ सोबत असले की पिशवी दोघांची होते. त्यात इस्त्रीचा पांढरा शर्ट असतो, तो चुरगळू नये म्हणून साडी दबते, आणि पिशवी उचलायची वेळ आली की पतींच्या हातात मोबाइल असतो. प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये मागच्या रांगेत बसलेले हे पांढरे शर्ट मोजायला सोपे जातात. मोठ्या हुद्द्यावरच्या अधिकारी बाई संभाजीनगरच्या चिकलठाण्याहून विमानाने मुंबई गाठतात. त्यांना सात किलोंच्या हातातल्या बॅगेची मर्यादा आपोआप शिस्त लावते, शिवाय उतरल्यावर गाडी आणि विश्रामगृहाची खोली ठरलेली असते. चादर, दोरी, पाणी, डबा यातलं काहीच त्यांना लागत नाही. सगळ्यात हलकी बॅग त्यांचीच, यात कौशल्य थोडं आणि सोय जास्त.

आणि पिशवीआधी घर भरावं लागतं ते वेगळंच. स्वतःच्या सामानाला अर्धा तास, पण दोन दिवस आधीपासून पीठ दळून आणणं, चटणी कुटून ठेवणं, मुलांच्या गणवेशाला बटण लावणं, दुधाचा हिशेब कॅलेंडरवर लिहिणं, शेजारच्या काकूंना सांगून ठेवणं. ज्यांच्या घरात नवरा किंवा सासरा भाकरी थापतो त्यांची पिशवी पटकन भरते, मन मागं अडकत नाही. अशी घरं आहेत, वाढतही आहेत, फक्त त्यांचं उदाहरण चारचौघांत दिलं की घरातला पुरुष लाजतो.

१७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड ते अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली. ज्या मार्गासाठी दोन पिढ्यांनी आंदोलनं केली त्यावर पहिली गाडी धावली तेव्हा भाषणं विकासावर झाली. प्रवासी बायकांनी त्यात आणखी एक गोष्ट हेरली. गाडीच्या डब्यात संडास असतो. म्हणजे घोटभर पाणी पिता येतं. फेऱ्या आणि वेळा अजून दौऱ्याच्या कामाला पुरत नाहीत, पुण्याला जायला गाडी बदलावी लागते, तरी वाट तयार झाली आहे.

तोवर बैठकीचं आणि प्रशिक्षणाचं पत्र काढणाऱ्यांनी विषयपत्रिकेखाली चार ओळी जादा लिहाव्यात. निवासात अंथरूण-पांघरूण मिळणार का, गरम पाणी आणि पॅड टाकायचा डबा आहे का, जेवण किती वाजता, आणि शेवटच्या दिवशी कार्यक्रम नक्की किती वाजता संपणार. पाच म्हणता म्हणता सात वाजले की परतीची उजेडातली गाडी चुकते आणि मुक्काम वाढतो. पत्राच्या तळाशी संपर्काचा दूरध्वनी क्रमांक छापलेला असतोच. दौऱ्याच्या आदल्या दिवशी तो उचलायला कुणीतरी बसवावं.