बोट वाचलं, तेही नोंदवा

पॉवर प्रेसवर हात वाचवायची युक्ती साधी आहे: दोन बटणं, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबली तरच प्रेस खाली येतो, म्हणजे डायखाली बोट उरतच नाही. मग एखाद्या जुन्या यंत्रावर एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलेलं का दिसतं? कामगार बेफिकीर असतो म्हणून नव्हे. पाळी संपताना फक्त किती नग निघाले एवढंच विचारलं जातं, म्हणून. सुपरवायझर ती पट्टी पाहून पुढे गेला, की तोच त्या खात्याचा नियम होतो.

धोका पाहून पुढे न जाता तो सांगायची वाट कायद्यानेही दिली. भोपाळच्या २-३ डिसेंबर १९८४ च्या वायुगळतीच्या रात्रीनंतर, १९८७ साली कारखाने अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांत सुरक्षा समिती आली, तीत कामगार आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी समसमान. जिवाला धोका दिसला तर व्यवस्थापकाला आणि त्याच वेळी थेट कारखाना निरीक्षकालाही कळवायचा हक्क कामगाराला मिळाला. व्यवस्थापनाला धोका पटला नाही, तर निर्णय निरीक्षकाचा. माझ्या मते सगळ्या दुरुस्तीत हेच कलम सर्वांत मोलाचं.

राष्ट्रीय सुरक्षा परिषद ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झाली, म्हणून ४ मार्चला सुरक्षा दिन. त्या दिवशी शपथ घ्यावीच. पण ‘थोडक्यात वाचलो’ अशा घटनांची वहीही सर्वांसमोर उघडावी. सांडलेल्या तेलावरून पाय घसरला, साखळी तुटली पण खाली कुणी नव्हतं. प्रत्येक नोंदीपुढे दुरुस्तीची तारीख हवी.